घरून काम आणि पर्यावरणाचा ताळेबंद

(‘नागरी जीवन आणि पर्यावरण’ या विषयावरील व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकार भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘घरून काम केल्याने पर्यावरण वाचते का?’ असा प्रश्न संयोजकांनी माझ्यापुढे ठेवला आहे. मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु तज्ज्ञांनी मांडलेले आकडे तपासून ते सामान्य वाचकाला उमजतील अशा भाषेत सांगणे हा पत्रकाराचा धर्मच आहे आणि त्याच भूमिकेतून मी आज आपल्यासमोर उभी आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. माणूस घरी थांबला, गाडी रस्त्यावर आली नाही, धूर झाला नाही. म्हणजे पर्यावरण वाचले. हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. घरून काम करण्याने पर्यावरणाचे हित होऊ शकते, तसेच अहितही होऊ शकते. काय होणार हे संगणकावर अवलंबून नसून आपण कसे राहतो, कसा प्रवास करतो आणि आपल्या वस्त्या कशा वसवतो यावर अवलंबून आहे. एवढे एकच प्रतिपादन मला आज करावयाचे आहे.

कल्पना पन्नास वर्षांपूर्वीची

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत २०२० साली शिरला. त्यामुळे ही कल्पना करोनाच्या साथीतून जन्मली, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तिचा उगम १९७३ सालचा आणि तोही पर्यावरण व इंधन यांच्या चिंतेतून झालेला आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर त्या काळी मोटारींच्या धुराने गुदमरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या. अवकाशयानांच्या क्षेत्रात काम केलेले जॅक निलेस नावाचे शास्त्रज्ञ तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे नेता येणार नाही काय? या पद्धतीला त्यांनी ‘टेलिकम्युटिंग’ असे नाव दिले.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. निलेस यांनी लॉस एंजेलिसमधील एका विमा कंपनीत जो प्रयोग केला, त्यात कर्मचाऱ्यांना थेट घरी बसविले नव्हते. त्यांच्या घरांजवळ छोटी उपकार्यालये काढली होती. शहराच्या मध्यभागी मोटारीने जाण्याऐवजी कर्मचाऱ्याने आपल्या वस्तीजवळच्या केंद्रात काम करावे आणि त्याचे काम तेवढे दूरध्वनीच्या तारांवरून मुख्यालयात जावे, अशी ही योजना होती. प्रयोग यशस्वी ठरला, तरी कंपनीने तो पुढे चालू ठेवला नाही. घराजवळच्या केंद्राची ती कल्पना मागे पडली आणि जगाने फक्त ‘घर’ तेवढे उचलले. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया राज्य शासनाने आपल्याच कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग केला. घरून काम करण्याच्या दिवशी त्या कर्मचाऱ्यांचा एकूण प्रवास सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटला. ‘घरी बसलेली माणसे दिवसभर दुसऱ्याच कामांसाठी गाडी फिरवतील’ ही भीती त्या वेळी खरी ठरली नाही. मात्र ही माणसे मुळातच लांबून, एकट्याने मोटार चालवीत येणारी होती. त्यांच्या बाबतीत जे खरे, ते डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरे असेलच असे नाही.

२०२० सालाने काय शिकविले?

२०२० च्या मार्चअखेरीस देश बंद झाला. एप्रिलमध्ये पंजाबातील जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारच्या हिमाच्छादित रांगा दिसू लागल्या. ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आणि आपल्या मनात ‘माणूस घरी बसला की निसर्ग सावरतो’ हे समीकरण पक्के झाले.

पण त्यातले घरून कामाचे श्रेय किती? त्या काळात कारखाने, विमाने, बांधकामे, बाजार असे सर्वच ठप्प होते. एप्रिल २०२० च्या प्रारंभी जगाचे दैनंदिन कार्बन उत्सर्जन आदल्या वर्षीच्या सरासरीच्या तुलनेत १७ टक्क्यांनी घटले होते. या घटीतील निम्म्याच्या जवळपास वाटा रस्त्यावरील व इतर भूपृष्ठ वाहतुकीचा होता. परंतु संपूर्ण वर्षाचा हिशेब झाला तेव्हा ही घट पाच-सात टक्क्यांच्या घरातच राहिली आणि २०२१ साली उत्सर्जन जवळजवळ पूर्वपदावर आले. कोट्यवधी माणसांची उपजीविका थांबवून मिळालेली ती स्वच्छ हवा होती. तिला कोणी आदर्श म्हणू नये.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने जून २०२० मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध केले. जगातील साधारण पाचव्या हिश्श्याची कामे घरून करता येण्याजोगी आहेत, असे त्या संस्थेने मानले. ही सर्व माणसे आठवड्यातून एक दिवस घरून काम करू लागली, तर जगातील प्रवासी रस्ते वाहतुकीला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे एक टक्का तेल वाचेल. घरांतील वाढीव वीज वजा केल्यावर वर्षाला २.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडची बचत होईल. आकडा मोठा वाटतो, पण जगाच्या एकूण उत्सर्जनात तो एका टक्क्याचाही अंश आहे. याच विश्लेषणात एक इशारा होता. ज्यांचा मोटारीचा एकेरी प्रवास सहा किलोमीटरपेक्षा कमी आहे किंवा जे सार्वजनिक वाहनाने जातात, त्यांनी घरून काम केल्यास उत्सर्जन कमी होण्याऐवजी किंचित वाढूही शकते. घरून कामाच्या दिवशी घरातील ऊर्जेचा वापर ७ ते २३ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता.

२०२३ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी तेथील परिस्थितीचा अभ्यास मांडला. पूर्णवेळ घरून काम करणाऱ्याचा कामाशी संबंधित कार्बनभार ५४ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. आठवड्यातून दोन ते चार दिवस घरून काम केल्यास ही घट ११ ते २९ टक्के होते. आणि एकच दिवस केल्यास? अवघी दोन टक्के. कारण त्या एका दिवसासाठी कार्यालयाचे दिवे, वातानुकूलन, इमारत काहीच बंद होत नाही. घरही चालू आणि कार्यालयही चालू, असा तो दुहेरी संसार असतो.

पुण्याचा साधा हिशेब

अमेरिकेचे आकडे अमेरिकेत ठेवू आणि आपल्या अंगणात येऊ. कागद-पेन्सिलीने कोणालाही मांडता येईल असा हिशेब मी आपल्यापुढे ठेवते.

कोथरूडच्या बाजूने हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीत जाणारा एक कर्मचारी घ्या. जाणे-येणे मिळून तीस किलोमीटर धरू. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा माणूस एकटाच मोटार घेऊन गेला आणि गाडी लिटरला पंधरा किलोमीटर चालली, तर रोज दोन लिटर पेट्रोल, म्हणजे ४.६ किलो कार्बन. तोच दुचाकीने गेला आणि तिने लिटरला पंचेचाळीस किलोमीटर दिले, तर दीड किलो. आणि चाळीस जणांनी भरलेल्या कंपनीच्या बसने गेला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा किलो.

आता तो घरी थांबला असे समजू. आपल्या देशातील वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होते, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन मोजावा लागतो. लॅपटॉप कार्यालयातही चालतो आणि घरीही चालतो; तो सोडून देऊ. पंखा आणि दिवा आठ तास चालला, तर पाऊण युनिटाच्या आत काम भागते, म्हणजे सुमारे अर्धा किलो. पण एप्रिल-मे महिन्यात एका माणसासाठी एक खोली आठ तास वातानुकूलित केली आणि तासाला एक युनिट धरले, तर आठ युनिट, म्हणजे ५.६ किलो!

या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. एकट्याने मोटार चालविणारा माणूस घरी पंख्याखाली बसला, तर रोज चार किलोची खरी बचत आहे. दुचाकीस्वार पंख्याखाली बसला, तर एक किलोची. बसने जाणारा घरी थांबला, तर हिशेब बरोबरीत सुटतो. आणि यांपैकी कोणीही घरी दिवसभर ए.सी. लावून बसला, तर मोटारवाल्याचीही बचत संपून उलट तोटा होतो. दुचाकीस्वाराचा तर विचारूच नका. नवराबायको दोघेही घरून काम करणारी असतील आणि दोन खोल्यांत दोन ए.सी. चालत असतील, तर त्या घराने पर्यावरणासाठी काही केले, असे म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, कार्यालयातही वातानुकूलन असतेच ना? असते. म्हणूनच प्रश्न असा विचारायला हवा की, कर्मचारी घरी थांबले तेव्हा कार्यालयाचा तो मजला बंद झाला काय? निम्मी माणसे सोमवारी आणि निम्मी मंगळवारी आली, तर दोन्ही दिवस पूर्ण मजला थंड करावा लागतो. सर्वांनी एकाच दिवशी घरून काम केले आणि मजल्याची कळ बंद केली, तरच वीज वाचते. हा निर्णय व्यवस्थापनाचा आहे, कर्मचाऱ्याचा नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची उपनगरी गाडी धावली. आज ही सेवा रोज सत्तर लाखांहून अधिक माणसांची ने-आण करते. इतक्या माणसांना इतक्या कमी ऊर्जेत वाहून नेणारी व्यवस्था जगात फारच थोडी असेल. बदलापूरचा प्रवासी एक दिवस घरी राहिला म्हणून गाडी रद्द होत नाही. तेव्हा कार्बनच्या हिशेबात लोकलच्या प्रवाशाला घरी बसवून फारसे काही हाती लागत नाही.

मग मुंबईकराने घरून काम करू नये काय? अवश्य करावे, पण कारण वेगळे आहे. या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून निसटून. गर्दीच्या वेळी शंभरातली दहा माणसे कमी झाली, तर उरलेल्या नव्वदांना दारात लटकावे लागणार नाही. रोजच्या प्रवासाचे तीन-चार तास कुटुंबाला परत मिळतील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा लाखो माणसे कार्यालयात, रस्त्यात, बंद पडलेल्या गाड्यांत अडकली होती. अतिवृष्टीचा इशारा असताना घरून काम करता येणे ही आज चैन नसून आपत्ती-निवारणाची गरज आहे. हे लाभ कार्बनच्या मापात बसत नसले तरी फार मोलाचे आहेत. मात्र प्रत्येक गोष्टीवर ‘पर्यावरण’ अशी चिठ्ठी चिकटवू नये. ज्याचे श्रेय त्यालाच द्यावे.

न दिसणारे खर्च

या ताळेबंदात आणखी तीन नोंदी आहेत. पहिली विदा-केंद्रांची. आपण पडद्यावर बैठक घेतो तेव्हा दूर कुठेतरी यंत्रांचे कोठार राबत असते. २०२४ साली जगातील सुमारे दीड टक्का वीज अशा केंद्रांनी वापरली आणि हा वापर वेगाने वाढतो आहे. आपल्या देशातील अशा केंद्रांचा सर्वांत मोठा समूह मुंबई-नवी मुंबई परिसरातच आहे. तरीही एका तासाच्या बैठकीचा भार मोटारीच्या तीस किलोमीटर प्रवासापुढे नगण्यच ठरतो. तेव्हा या कारणासाठी दूरस्थ बैठकांना नावे ठेवण्याचे प्रयोजन नाही.

दुसरी नोंद कचऱ्याची. घरासाठी वेगळा पडदा, वेगळी खुर्ची, वेगळा संगणक अशी खरेदी झाली की जुन्याचे काय होते? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात जायचे असेल, तर माणूस शहरापासून लांब घर घेतो. फेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक फेरी लांबते. मुळशीच्या डोंगरउतारावर नवे गृहसंकुल उभे राहते, त्यासाठी टेकडी खोदली जाते, पाण्याचे टँकर धावू लागतात, घरटी दोन गाड्या येतात. पेट्रोलचा वाचलेला थेंब अशा रीतीने दुसऱ्या वाटेने वाहून जातो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ सालीच कोळशाबद्दल हे सांगून ठेवले होते. वाफेची यंत्रे काटकसरी झाली की कोळसा कमी खपेल असे वाटते. प्रत्यक्षात तो अधिक खपतो, कारण यंत्रांचा वापरच वाढतो. बचत टिकवायची असेल तर संयमाची जोड लागते. ती यंत्र देऊ शकत नाही.

याच्या उलट बाजूही पाहावी. कोकणातल्या वा मराठवाड्यातल्या आपल्या मूळ गावी, आधीच उभ्या असलेल्या वडिलोपार्जित घरात राहून एखादा तरुण काम करू लागला, तर नवे बांधकाम होत नाही, गावात पैसा खेळतो, म्हाताऱ्या आईवडिलांना आधार मिळतो. लांब जाणे सारखेच, परिणाम मात्र विरुद्ध.

घर म्हणजे कोणाचे घर?

भगिनींनो, एक नोंद मला विशेषत्वाने करायची आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. असे असताना स्त्रीला ‘घरून काम’ मिळाले की घरच्यांना ती दिवसभर उपलब्ध आहे असे वाटू लागते. बैठक चालू असताना कुकरची शिट्टी तिनेच मोजायची, पाहुण्यांचा चहाही तिनेच करायचा. पेट्रोल वाचविण्यासाठी घरातल्या एकाच माणसाचे श्रम जाळायचे असतील, तर तो व्यवहार न्याय्य नाही. घरून काम हे सर्व कुटुंबाने मिळून पेलायचे असते, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ आहे.

आणि ज्यांना घरून काम करणे शक्यच नाही, त्यांचे काय? परिचारिका, एस.टी.चा चालक, सफाई कामगार, भाजीवाली, गवंडी. बहुसंख्य भारतीय याच वर्गात मोडतात. आपण घरी बसून मोकळे केलेले रस्ते त्यांच्या बसला मिळाले, तरच आपल्या घरी बसण्याला सामाजिक अर्थ आहे. ते रस्ते पुन्हा मोटारींनी भरले, तर नाही.

मग करायचे काय?

शासकीय नियमांचे अडथळे बऱ्याच अंशी दूर झाले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने बँक हमीसारख्या जाचक अटी काढून टाकल्या. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा देणारा नियम आला. उद्योगांचा लंबक मात्र दोन्ही टोकांना फिरला. टी.सी.एस.ने २०२० मध्ये जाहीर केले की, २०२५ पर्यंत एका वेळी चौथा हिस्साच कर्मचारी कार्यालयात लागतील. त्याच कंपनीने २०२३ मध्ये सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावले. ही धरसोड पाहिली की लक्षात येते, पर्यावरण हा या निर्णयांचा निकष कधी नव्हताच. तो निकष आपण नागरिकांनी पुढे आणायला हवा.

आता मी निलेस यांच्या त्या विसरलेल्या कल्पनेकडे वळते. काम घरात नव्हे, घराजवळ! आपल्याला हे परके नाही. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपयांच्या उधार भांडवलावर लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. त्याची रचना आठवा. सकाळी जवळच्या केंद्रातून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून द्यायचे. घर आणि केंद्र यांची ही सांगड आपल्या भगिनींनी संगणक येण्यापूर्वी कितीतरी आधी घालून दाखविली आहे.

आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी मिळून हजारो वाचनालये आहेत. अनेकांच्या इमारती दुपारी रिकाम्या असतात. प्रत्येक वस्तीतील एका वाचनालयाने वा अभ्यासिकेने वीस मेजे, चांगले इंटरनेट, स्वच्छ प्रसाधनगृह आणि गच्चीवर सौरपट्ट्या एवढी सोय केली, तर वीस घरांतील वीस ए.सी. बंद राहतील. माणूस पायी कामाला जाईल. तरुण मंडळी पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढतील आणि आज वर्गणीसाठी झगडणाऱ्या संस्थेला हक्काचे उत्पन्न मिळेल. हे काम कोणत्याही शासकीय आदेशाची वाट न पाहता एखाद्या कार्यकारिणीच्या एका बैठकीत ठरू शकते.

घरांपुरते सांगायचे, तर तीन गोष्टी पुरेत. घरून कामाच्या दिवशी सर्वांनी एकाच खोलीत, शक्यतो पंख्याखाली बसावे. कार्यालयात जायच्या दिवशी एकट्याने मोटार काढू नये. आणि जुने यंत्र चालते आहे तोवर नवे घेऊ नये. नोकरदारांनी आपल्या व्यवस्थापनाकडे एक मागणी करावी : घरून कामाचा दिवस सर्वांचा एकच ठेवा आणि त्या दिवशी मजला खरोखर बंद करा.

जाण्यापूर्वी एक विनंती. आज घरी गेल्यावर विजेचे मागच्या एप्रिल-मे महिन्याचे देयक आणि त्याच महिन्यातला पेट्रोलचा खर्च शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पेट्रोलचे लिटर गुणिले २.३ आणि विजेची युनिटे गुणिले ०.७. पाच मिनिटांत आपल्या घराचा ताळेबंद आपल्या हातात येईल. तो मुलांसमोर मांडा. पुढचे त्यांना सांगावे लागणार नाही.